वस्तीत मोबाईल-मदत केंद्र सुरू करताना: नागपुरातील नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक

उत्तर नागपुरातील एका बुद्धविहाराच्या वाचनालयात आम्ही काही जण गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी बसतो. कोणी चार्ज न होणारा फोन घेऊन येते, कोणी बँकेचा न समजलेला एसएमएस, तर कोणी नातवाने टाकून दिलेले आणि आता उघडत नसलेले ॲप. येणाऱ्यांत आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले काकाजी असतात, घरकाम करणाऱ्या मावश्या असतात आणि स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना अडलेली मुलेही असतात. या काळात आम्हाला जे सुचले त्याहून अधिक आम्ही चुकांमधून शिकलो. सक्करदरा, मानेवाडा, महाल, जरीपटका अशा आपापल्या भागात असे केंद्र सुरू करू पाहणारे तरुण अधूनमधून विचारणा करतात. त्यांना पहिल्या वर्षातला गोंधळ टाळता यावा म्हणून ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

हे काम करण्यासाठी संगणक अभियंता असण्याची गरज नाही. आमच्यातील सर्वांत विश्वासू स्वयंसेविका शिवणकाम करतात आणि फोनचे मागचे झाकण त्या जितक्या हलक्या हाताने उघडतात तितके आमच्यापैकी कोणालाच जमत नाही.

१. आधी तीन रविवार फक्त ऐका

नव्या गटाचा पहिला मोह असतो तो अभ्यासक्रम आखण्याचा: पहिला आठवडा ई-मेल, दुसरा आठवडा इंटरनेट, असा. कृपया तसे करू नका. पहिले तीन रविवार वही घेऊन बसा आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पहिल्या दिवशी एक आजी म्हणाल्या होत्या, "पोराले विचारलं तं तो म्हणते, तुले नाई समजत, दे इकडे. अन् फोनच घेऊन घेते." त्यांची अडचण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुन्हा सापडत नाही एवढीच होती, पण त्या वाक्यातून आम्हाला कामाची खरी दिशा मिळाली. घरात फोन दुरुस्त करून देणारे अनेक असतात, परंतु शेजारी बसून तीच गोष्ट चौथ्यांदा दाखवणारे कोणी नसते.

तीन रविवारांच्या नोंदी एकत्र वाचल्या की तुमच्या वस्तीचे चित्र स्पष्ट होते. आमच्याकडे तीन प्रकारचे प्रश्न वारंवार आले: फोन चार्ज न होणे किंवा भरून जाणे, पैसे पाठवण्याची भीती, आणि शासकीय योजनांचे व निवृत्तिवेतनाचे ऑनलाईन सोपस्कार. तुमच्याकडे हे प्रमाण निराळे असेल आणि साधनांची खरेदी त्यानुसारच करावी.

२. जागा आणि वेळ

विहाराचे वाचनालय, समाजमंदिर, ज्येष्ठ नागरिक मंडळाची खोली किंवा शाळेचा रिकामा वर्ग यांपैकी जी जागा लोकांच्या पायाखालची असेल ती निवडा. पायऱ्या कमी, उजेड भरपूर आणि स्वच्छतागृह जवळ, हे तीन निकष पुरेसे आहेत. जागेच्या विश्वस्तांकडून किंवा मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या, कारण तोंडी परवानगी देणारी व्यक्ती बदलली की काम एका दिवसात बंद पडते.

वेळेबाबत नागपूरचा उन्हाळा लक्षात घ्यावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी बाराला वृद्ध माणसाला घराबाहेर बोलावणे योग्य नाही. आम्ही एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी साडेसात ते दहा आणि इतर महिन्यांत दहा ते एक अशी वेळ ठेवतो. वेळ बदलल्याची पाटी पंधरा दिवस आधी लावावी, म्हणजे कोणाची खेप वाया जात नाही.

३. कागदपत्रे आणि नोंदवही

सुरुवातीला संस्था नोंदवण्याची घाई करू नका. पाच-सहा जणांनी विनामूल्य मदत करण्यासाठी नोंदणीची गरज पडत नाही. देणग्या घ्यायच्या असतील आणि गटाच्या नावाने बँक खाते हवे असेल, तेव्हा मात्र संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांसह नोंदणी करावी लागते आणि आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही ती करावी लागते. तोपर्यंत कोणाकडूनही रोख रक्कम न घेणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

पहिल्या दिवसापासून टेबलावर पुढील कागद असावेत:

– जागेच्या परवानगीचे पत्र
– प्रत्येक स्वयंसेवकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, ज्यावर गटाचे नाव आणि जागेचा पत्ता असेल
– पानांना क्रमांक दिलेली जाड नोंदवही
– मोठ्या अक्षरांत छापलेले, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतील एका पानाचे संमतीपत्र
– फोनला चिकटवण्यासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या

या यादीत नोंदवही सर्वांत महत्त्वाची का, ते सांगणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्याच महिन्यात भाजीचा ठेला लावणाऱ्या एक ताई अडकत चालणारा फोन घेऊन आल्या. "रीसेट करू का?" असे मी विचारले, त्या "करा भाऊ" म्हणाल्या आणि मी फोन मूळ स्थितीला नेला. फोन चांगला चालू लागला, पण त्यात त्यांच्या दिवंगत पतीचे एकुलते एक चलचित्र होते आणि त्याची प्रत कुठेही नव्हती. रीसेट या शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नव्हता, आणि तो समजावून सांगणे माझे काम होते. त्यानंतर आम्ही नियम केला की फोन हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी मालकाच्या समोर, त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि लिहायच्या: फोनमध्ये जपून ठेवण्यासारखे काय आहे, त्याची प्रत कुठे आहे, आणि आपण जे करणार आहोत त्यात काय पुसले जाऊ शकते. "रीसेट" म्हणायचे नाही, "फोनमधले सगळे फोटो आणि नंबर पुसले जातील" असे म्हणायचे. प्रत काढायची झाल्यास ती मालकाच्याच मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर काढायची, स्वयंसेवकाच्या लॅपटॉपवर कधीही नाही.

नोंदवहीत तारीख, नाव, फोनचे मॉडेल, आल्यावेळची अवस्था (काचेला तडा, झाकण सैल, सिम आहे की नाही), तक्रार, केलेले काम, परत दिल्याची सही आणि शेवटी "पाठपुरावा" असे रकाने ठेवा. तडे आधीच लिहून ठेवले की नंतर वाद होत नाही. या वहीत पिन, पासवर्ड, आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक कधीही लिहायचा नाही. फोन उघडून पाहणे आवश्यक असेल तर कुलूप मालकानेच उघडावे आणि काम संपेपर्यंत मालक शेजारीच बसावा. फोन घरी नेऊन दुरुस्त करणे आम्ही पूर्णपणे बंद केले आहे.

४. साधने

सुरुवातीची पेटी अडीच-तीन हजार रुपयांत होऊ शकते आणि त्याहून अधिक खर्च पहिल्या सहा महिन्यांत करू नये. पेटीत असावे: बारीक पेचकसांचा संच, सिमची पिन, प्लास्टिकचे ओपनर, मऊ ब्रश, लाकडी टूथपिक, साधा मल्टिमीटर, चांगल्या प्रतीचे दोन चार्जर, मायक्रो यूएसबी, टाइप-सी आणि लाइटनिंग अशा तिन्ही प्रकारच्या केबल, विजेरी, भिंग, आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली, आणि वाळूने अर्धा भरलेला झाकणाचा पत्र्याचा डबा. हा डबा कशासाठी ते पुढे येईल.

स्क्रू ठेवण्यासाठी कागदावर फोनची आकृती काढा आणि जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागेत गेला तर तो आतली पट्टी कापतो आणि चांगला फोन आपल्या हातून निकामी होतो.

हीट गन आणि सोल्डरिंगची साधने नव्या गटाने घेऊ नयेत. ते काम शिकायला वर्षे लागतात आणि ते येणारा माणूस तुमच्या चौकातच दुकान टाकून बसलेला असतो. त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात जाऊन बोला. आपण त्याचे गिऱ्हाईक तोडायला आलेलो नाही, उलट डिस्प्ले बदलणे, बोर्डाचे काम अशी कामे त्याच्याकडे पाठवणार आहोत, हे त्याला स्पष्ट सांगा. आमच्या चौकातील दुकानदाराने आम्हाला महिन्यातून एक तास शिकवायला सुरुवात केली आणि आजही आम्ही अडलो की त्यालाच विचारतो.

सुट्या भागांसाठी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जावे लागते. जाताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून न्या, शक्य असल्यास जुना भागही सोबत ठेवा, कारण नावात एका अक्षराचा फरक असला तरी चार्जिंगचा बोर्ड बसत नाही. खरेदी मालकाने स्वतः करावी किंवा त्याच्या घरच्या कोणी सोबत यावे. पावती त्यांच्या हातात राहिली की पैशाबद्दल शंका उरत नाही.

५. काय घ्यायचे आणि काय नाकारायचे

नकार देणे हे नव्या स्वयंसेवकाला सर्वांत अवघड जाते, म्हणून नकाराची यादी आधीच भिंतीवर लावा.

मायक्रोवेव्ह आणि जुना पेटीसारखा टीव्ही उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांच्या आत जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. कूलरबाबत तर आपल्या शहरात विशेष सांगावे लागते. मार्च उजाडला की लोक पंप आणि मोटर घेऊन येतात आणि नाही म्हणताना वाईट वाटते. परंतु पाणी, पत्र्याची बॉडी आणि वीज एकत्र येतात तिथे चूक झाली तर जीव जातो, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या वाचाव्या लागतात. परवानाधारक वायरमनकडे पाठवा, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग तपासून घ्यायला सांगा, आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढायचा हे प्रत्येक वेळी आठवण करून द्या.

लॉक विसरलेला फोन कोणी आणला आणि त्याच्याकडे बिल किंवा खोका नसेल, तर त्याला हात लावू नका. फोन हरवलेला किंवा चोरीचा असू शकतो. सेकंडहँड फोन घेतलेल्या माणसाला आम्ही आधी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढायला आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी सेवेवर तो तपासायला शिकवतो. केवायएम ही अक्षरे इंग्रजीत लिहून, पुढे जागा सोडून हा पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला तरी माहिती मिळते. आयएमईआय बदलून द्या अशी मागणी कोणी केली तर स्पष्ट नकार द्या. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार तो गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

६. दुरुस्तीचे टेबल: फोन उघडण्यापूर्वी काय पाहावे

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी फोन न उघडता सुटतात. म्हणून पेचकसाला हात लावण्यापूर्वी पुढील क्रम पाळा.

चार्ज होत नाही. आधी आपला चार्जर आणि आपली केबल लावून पाहा. तरीही होत नसेल तर विजेरीच्या उजेडात भिंगातून चार्जिंगच्या खाचेत पाहा. खिशातल्या, पदरातल्या कापडाचे तंतू तिथे दाबून बसलेले असतात आणि केबल पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने हळूहळू तो कचरा बाहेर काढा. सेफ्टी पिन किंवा सुई वापरू नका, आतले धातूचे पाय वाकतात आणि शॉर्ट होऊ शकतात. यानेही झाले नाही तरच चार्जिंगच्या बोर्डाचा विचार करावा.

फोन अडकतो, भरला आहे असे दाखवतो. साठवण किती उरली ते पाहा. गटागटांतून आलेले सुप्रभातचे फोटो आणि चलचित्रे आपोआप उतरत राहतात, म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ते आपोआप उतरणे बंद करायला शिकवा. पुसताना एकेक वस्तू मालकाला दाखवून पुसा. फोन वेगवान करण्याची जाहिरात करणारी ॲप आढळली तर ती काढून टाका, बरेचदा तीच फोन मंद करत असतात.

आवाज येत नाही. स्पीकरची जाळी ब्रशने साफ करण्यापूर्वी ब्लूटूथ सुरू आहे का ते पाहा. घरातल्या मुलाच्या इअरफोनला आजींचा फोन जोडलेला राहतो आणि आवाज तिकडे जातो.

फोन पाण्यात पडला. लगेच बंद करा, सिम आणि कार्ड काढा, कोरड्या कापडाने पुसा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. चार्जिंगला लावू नका. तांदळात ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, पण तांदूळ आतले पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पूड खाचेत जाते. आणि कडक उन्हात तर ठेवूच नका.

मागचे झाकण उचलले गेले आहे. ही बॅटरी फुगल्याची खूण आहे आणि इथे घाई करायची नाही. फोन बंद करा, चार्जिंग थांबवा, झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोक लागले किंवा ती वाकली तर पेट घेऊ शकते. बॅटरी सुटी असेल तर ती वाळूच्या डब्यात ठेवून डबा लोकांपासून दूर न्या, आत चिकटवलेली असेल तर फोन तसाच अनुभवी दुकानदाराकडे पाठवा. टिनाच्या छताखाली, उशीखाली किंवा दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन तापत असताना चार्ज करणे हे बॅटरी लवकर खराब होण्याचे मोठे कारण आहे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीतली हवाच त्याच्या जवळ पोहोचलेली असते. रात्री उशिरा किंवा पहाटे, उघड्या जागी, कव्हर काढून चार्ज करा असे आम्ही उन्हाळ्यात प्रत्येकाला सांगतो.

जुन्या लॅपटॉपबद्दल थोडक्यात. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्यामुळे अनेक चांगली यंत्रे अडगळीत चालली आहेत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवून त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू ही विनामूल्य प्रणाली टाकली तर अर्ज भरणे, वाचणे, लिहिणे यांसाठी अशी यंत्रे उत्तम चालतात. आमच्या वाचनालयात मुलांसाठी असे दोन लॅपटॉप आहेत.

७. शिकवणे: ज्याचा फोन, त्याचे बोट

आमच्या केंद्रात शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या पडद्याला हात लावायचा नाही हा नियम आहे. शेजारी बसायचे, आपले हात मागे ठेवायचे आणि तोंडाने सांगायचे. पहिल्या दिवशी हे अत्यंत संथ वाटते. ज्या कामाला आपल्याला दहा सेकंद लागतात त्याला पंधरा मिनिटे लागतात, मागे रांग असते आणि बोट पुढे करण्याचा मोह होतो. पण ज्यांच्यासाठी आम्ही स्वतः दाबून दिले ते दर आठवड्याला त्याच कामासाठी परत आले, आणि ज्यांनी स्वतः दाबले ते पुढच्या वेळी नवा प्रश्न घेऊन आले.

एका बैठकीत एकच गोष्ट शिकवा. ती झाली की कागदावर पायऱ्या लिहून द्या, वाचता येत नसेल तर चिन्हांची चित्रे काढून द्या. फोनमधील चिन्हांची जागा बदलू नका, कारण अनेक जण नाव वाचून नव्हे तर जागेवरून ॲप ओळखतात. अक्षरांचा आकार आणि आवाज मात्र पहिल्याच भेटीत वाढवून घ्यायला लावा. दृष्टी फारच अधू असेल तर अँड्रॉइडमधील टॉकबॅक ही वाचून दाखवणारी सोय दाखवा, परंतु ती सुरू असताना दोनदा टिचकी द्यावी लागते हे आधी समजावा, नाहीतर फोन बिघडला असे वाटून माणूस घाबरतो.

भाषेबाबत आग्रह धरू नका. फोन मराठीत करून देणे आपल्याला प्रिय असते, पण नागपुरात अनेकांना हिंदीतील शब्दांची सवय झालेली असते, तर काहींना इंग्रजी चिन्हेच ओळखीची असतात. विचारा आणि ते म्हणतील ती भाषा ठेवा. टंकलेखन ज्यांना जमत नाही त्यांना कीबोर्डवरील माईक दाबून मराठीत बोलायला शिकवा. ही सोय पाहून चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो दुसऱ्या कशानेही दिसत नाही. आपल्या बोलीतील "मले", "तुले" यंत्राने चुकीचे लिहिले, तर चूक यंत्राची आहे, त्यांच्या बोलण्याची नाही, हे आवर्जून सांगा.

८. पैसे आणि फसवणूक

यूपीआय शिकवण्यापूर्वी फसवणूक ओळखायला शिकवा, क्रम उलटा करू नका. चार वाक्ये आम्ही सर्वांकडून म्हणवून घेतो: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप उतरवायचे नाही. व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक होत नाही.

नुसते सांगून हे मनात राहत नाही, म्हणून आम्ही सराव घेतो. एक स्वयंसेवक बाहेर जाऊन फोन करतो आणि "बँकेतून बोलतोय, आजच केवायसी करा, नाहीतर खाते बंद होईल" असे दरडावून सांगतो. फोन कापण्याचे धाडस होईपर्यंत सराव करतो. वडीलधाऱ्या बायकांना समोरच्याचे बोलणे तोडणे उद्धटपणाचे वाटते आणि फसवणारे नेमका त्याच सभ्यतेचा फायदा घेतात. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेल्या फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत एपीके असेल, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल असेल, तर ती उघडायची नाही, हेही फोनवर प्रत्यक्ष दाखवा. लाडकी बहीण योजनेसारख्या कामांत शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता "जीओव्ही डॉट इन" ने संपतो का ते पाहायची सवय लावा.

कोणाचे पैसे गेलेच, तर दोष देण्यात एक मिनिटही घालवू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायला लावा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

स्वयंसेवकांसाठी एक कडक नियम: कोणाच्याही वतीने पैसे पाठवायचे नाहीत आणि कोणाचा पिन पाहायचा नाही. पिन टाकताना उठून पाठ फिरवायची, म्हणजे समोरच्यालाही तीच सवय लागते.

९. हयातीचा दाखला: नोव्हेंबरची तयारी

वर्षातील सर्वांत गर्दीचा महिना नोव्हेंबर असतो. रेल्वे, आयुध निर्माणी आणि केंद्र सरकारच्या इतर खात्यांतील निवृत्तांना या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना मात्र नोव्हेंबरचे बंधन नाही. त्यांनी दाखला ज्या तारखेला दिला त्या तारखेपासून तो एक वर्ष चालतो. गिरणीत किंवा खासगी कारखान्यात काम केलेल्या काकाजींना हे ठाऊक नसते आणि ते उगाच नोव्हेंबरच्या रांगेत उभे राहतात. त्यांना इतर महिन्यांत बोलवा.

पूर्वी बोटाचा ठसा द्यावा लागे आणि आयुष्यभर यंत्रावर काम केलेल्या हातांचे ठसे उमटत नसत. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्याने हे काम साध्या अँड्रॉइड फोनवर होते. लागणाऱ्या गोष्टी:

– आधार क्रमांक आणि आधारशी जुळणारे नाव
– पीपीओ क्रमांक (निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशावरील क्रमांक)
– निवृत्तिवेतन जमा होणारा खाते क्रमांक
– निवृत्तिवेतन मंजूर करणारे आणि वाटप करणारे कार्यालय किंवा बँक यांची नावे
– ओटीपी येईल असा चालू मोबाईल क्रमांक

"जीवन प्रमाण" आणि "आधार फेस आरडी" ही दोन्ही ॲप अधिकृत ॲप दुकानातूनच उतरवा. ॲप आधी ऑपरेटरची, म्हणजे ॲप चालवणाऱ्याची, ओळख मागते. शक्य असेल तेव्हा निवृत्त व्यक्तीने स्वतःच्या फोनवर स्वतःच ऑपरेटर व्हावे, स्वयंसेवकाने आपला आधार वीस जणांच्या फोनमध्ये टाकत बसू नये. चेहरा टिपताना खिडकी समोर असावी, पाठीमागे नको. चष्मा काढावा आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करावी. तीनदा जमले नाही तर पाणी देऊन दहा मिनिटे थांबा, घाबरलेला माणूस मान स्थिर ठेवू शकत नाही.

यातील मोठा सापळा असा की प्रमाण आयडीचा (तयार झालेल्या दाखल्याच्या क्रमांकाचा) एसएमएस आला म्हणजे काम संपले असे सर्वांना वाटते. पीपीओ किंवा खाते क्रमांकात एक आकडा चुकला, किंवा वाटप करणारी बँक चुकीची निवडली, तर संबंधित कार्यालय तो दाखला नाकारते आणि ते महिन्याभराने, निवृत्तिवेतन थांबल्यावर कळते. म्हणून पीपीओच्या कागदावरून आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पडताळायचे, आणि आठवड्याभराने दाखल्याची स्थिती पाहायची. मराठी कागदावर ६ आणि ९ यांत गल्लत झालेली आम्ही दोनदा पाहिली आहे.

१०. टाकाऊ वस्तू

दुरुस्त न होणारे फोन, चार्जर आणि बॅटऱ्या साचू लागतील. त्या भंगारवाल्याकडे गेल्या तर तांब्यासाठी केबल जाळल्या जातात आणि धूर वस्तीतच राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार हा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा. देण्यापूर्वी सिम आणि कार्ड काढा, फोन चालू होत असेल तर मालकाच्या संमतीने त्यातील माहिती पुसा, आणि नोंदवहीत तशी सही घ्या.

११. बुधवारचा फोन

रविवारी घरी जाण्यापूर्वी नोंदवही पूर्ण करा, सर्व फोन परत गेले का ते सह्यांवरून मोजा आणि वही जागेच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. त्यानंतर बुधवारी, ज्यांना काही शिकवले त्यांना एक फोन करा. "काकाजी, रविवारी शिकलेलं पुन्हा करून पाहिलं का जी?" एवढेच विचारा. अडले असेल तर फोनवर समजावण्याचा प्रयत्न न करता पुढच्या रविवारची वेळ ठरवा, कारण पडदा दोघांनाही एकत्र दिसत नसताना सांगितलेल्या सूचना गोंधळ वाढवतात. एखाद्याने दोन बुधवार फोन उचलला नाही तर शेजारच्या कोणाकडे तरी निरोप द्या. एकटे राहणारे आजारी असल्याचे आम्हाला याच फोनमुळे एकदा कळले होते. उत्तर पाठपुराव्याच्या रकान्यात लिहा, आणि तिथे "स्वतः केले" असे लिहिता येईल तेव्हाच ती नोंद बंद करा.